वही कोणाच्या हाती? : ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ या माहितीपटाविषयी

मराठीत ‘जातिवंत’ हा शब्द स्तुतीचाच आहे. घोडा जातिवंत असतो, बैल जातिवंत असतो. कुत्र्याच्या बाबतीत या शब्दाला अलीकडे आणखी एक सोबती मिळाला आहे, तो म्हणजे ‘पेडिग्री’. पिलाबरोबर वंशावळीचा कागद मिळाला की त्याची किंमत वाढते आणि घेणारा मनोमन धरून चालतो की, कागद आहे म्हणजे पिलू निरोगी असणारच. वास्तविक त्या कागदावर आईबाप, आजीआजोबा, पणजोबा यांची नावे असतात. त्यांच्या प्रकृतीविषयी बहुधा एक अक्षरही नसते.

कागद आणि प्रकृती यांतील हे अंतर लोकांसमोर ठेवणारा एक तासाचा माहितीपट १९ ऑगस्ट २००८ रोजी बीबीसी वनवरून प्रसारित झाला. ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ हे त्याचे नाव. तो जेमिमा हॅरिसन यांनी तयार केला. आनुवंशिकी शिकवणाऱ्या शिक्षकांना तो आजही उपयोगी पडेल, असे आमचे मत आहे. तो जसाच्या तसा वर्गापुढे ठेवू नये, असेही आमचे मत आहे. दोन्ही मतांची कारणे येथे देत आहोत.

एक खुलासा आधी केलेला बरा. इंग्रजीतील ‘ब्रीड’ या शब्दासाठी या लेखात आम्ही ‘वाण’ हा शब्द वापरला आहे. ‘जात’ हा रुळलेला शब्द का टाळला, ते शेवटी येईल.

माहितीपटाने काय दाखवले

कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल हा मांडीवर मावणारा, मोठ्या डोळ्यांचा, लाडका कुत्रा. या वाणात अनेकदा मेंदूच्या मानाने कवटीची मागची बाजू लहान पडते. मेंदूचा मागचा भाग कवटीच्या तळाच्या छिद्राकडे ढकलला जातो, मेंदू व कणा यांभोवतालच्या द्रवाचा प्रवाह अडतो आणि मज्जारज्जूत द्रवाने भरलेल्या पोकळ्या तयार होतात. कुत्रा वेदनेने कळवळतो, मान खाजवल्यासारखा पाय हवेत हलवत राहतो. माहितीपटात ही दृश्ये आहेत. फेफऱ्याचे झटके येणारा बॉक्सर कुत्रा आहे. पूर्वीच्या चित्रांतील कुत्रे आणि आज प्रदर्शनात बक्षीस घेणारे त्याच वाणाचे कुत्रे यांची तुलनाही आहे. शंभर वर्षांत काहींची पाठ उतरती झाली, काहींचे पाय आखूड झाले, काहींचे नाक चेहऱ्यात बुडाले.

आम्हाला सर्वांत बोलका वाटला तो ऱ्होडेशियन रिजबॅकचा भाग. या वाणाच्या पाठीवर उलट्या दिशेने वाढणाऱ्या केसांचा एक पट्टा असतो. तीच त्याची ओळख. काही पिले पट्ट्याशिवाय जन्मतात आणि ती चांगली धडधाकट असतात. तरीही अशी पिले मारून टाकावीत, असे या वाणाच्या ब्रिटनमधील क्लबच्या आचारसंहितेत लिहिलेले होते. माहितीपटापूर्वी वर्षभर, म्हणजे २००७ साली, या पट्ट्याचे आनुवंशिक कारण प्रसिद्ध झाले होते. एका गुणसूत्राचा छोटा तुकडा दुप्पट झाल्याने पट्टा उमटतो आणि त्याच तुकड्यामुळे त्वचेपासून आत कण्याच्या दिशेने जाणाऱ्या नळीचा जन्मजात विकार होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या पिलाजवळ दोष नव्हता तेच सदोष ठरत होते.

माहितीपटाचा परिणाम लगेच झाला. ‘क्रफ्ट्स’ हे १८९१ पासूनचे प्रसिद्ध श्वानप्रदर्शन बीबीसीने २००९ पासून दाखवणे बंद केले. लंडनच्या केनेल क्लबने आईबाप व अपत्य किंवा सख्खी भावंडे यांच्या मीलनातून झालेल्या पिलांची नोंद करणे २००९ साली थांबवले आणि वाणांची लिखित मानके पुन्हा तपासली. जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक बेटसन यांचा चौकशी अहवाल जानेवारी २०१० मध्ये आला. त्याचा खर्च केनेल क्लब आणि डॉग्ज ट्रस्ट यांनीच उचलला होता. एका तासाच्या कार्यक्रमाने एवढे घडवले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे.

दोन आजार, एकच नाव

आमची पहिली तक्रार अशी की, पाहणाऱ्याच्या मनात शेवटी एकच निष्कर्ष उरतो : नात्यातल्या नात्यात पैदास केली म्हणून हे सारे झाले. प्रत्यक्षात येथे दोन निराळ्या प्रक्रिया आहेत आणि शिक्षकाने त्या वेगळ्या करून दाखवायला हव्यात.

पहिली प्रक्रिया निवडीची. पगचे नाक चपटे आहे कारण माणसाने पिढ्यान् पिढ्या चपट्या नाकाचीच पिले निवडली. कवटी आखूड झाली, पण आतले मऊ टाळू तेवढ्या प्रमाणात आखूड झाले नाही. म्हणून श्वासमार्ग अडतो. येथे आईबाप एकमेकांच्या नात्यात आहेत की नाहीत याने फारसा फरक पडत नाही. पग आणि फ्रेंच बुलडॉग यांचा संकर करा. पिले संकरित होतील आणि तरीही घोरतील, धापा टाकतील.

दुसरी प्रक्रिया विविधता घटण्याची. बंद समूहात काही जनुकांचे प्रकार नाहीसे होतात आणि एरवी झाकून राहणारे अप्रभावी दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येऊन उघडे पडतात. येथे नाते हाच मुद्दा असतो. पहिल्या आजारावर उपाय म्हणजे बक्षिसाचे मानक बदलणे. दुसऱ्यावर उपाय म्हणजे समूहात नवे जनुक आणणे. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुसरी तक्रार प्रमाणाची. पडद्यावर एक कळवळणारा कुत्रा दिसतो. असे शंभरात किती, हे मात्र क्वचितच कळते. त्यामुळे ‘गावठी तेवढा निरोगी आणि वाणाचा तेवढा रोगट’ अशी सोपी समजूत होते. २०१३ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णालयात आलेल्या सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासून २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली. दहा विकार शुद्ध वाणांत अधिक आढळले, तेरा विकारांत फरक आढळला नाही आणि एक विकार, गुडघ्यातील अस्थिबंध तुटण्याचा, मिश्र कुत्र्यांत अधिक निघाला. म्हणजे काळजीचे कारण खरे आहे, पण त्याची मांडणी ‘काही विकारांत’ अशी करावी लागते. विज्ञानाच्या शिक्षकाला हा फरक महत्त्वाचा वाटला पाहिजे.

दहा हजारांचे पन्नास

माहितीपटातील एक आकडा मात्र वर्गात सांगावा असाच आहे. ब्रिटनमधील सुमारे दहा हजार पग आनुवंशिक दृष्टीने अवघ्या पन्नास कुत्र्यांच्या बरोबरीचे आहेत, असे त्यात सांगितले आहे. हे ऐकून विद्यार्थी चकित होतात आणि आकडा कसा काढला असे विचारतात. उत्तर फळ्यावर देता येते.

एका वाणात पैदाशीसाठी हजार माद्या आहेत, पण नर दहाच वापरले जातात, असे समजा. सर्वांना विजेत्या नराचीच पिले हवी असल्याने असे सहज घडते. अशा समूहाची परिणामकारक संख्या काढण्यासाठी नर व माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्याला चारने गुणायचे आणि दोहोंच्या बेरजेने भागायचे. ४ × १० × १००० ÷ १०१०, म्हणजे सुमारे ४०. एक हजार दहा प्राणी आणि विविधता चाळीस प्राण्यांएवढी! आता नर शंभर करा. उत्तर साधारण ३६४ येते. माद्या एकही न वाढवता समूह नऊपट ‘मोठा’ झाला. विद्यार्थ्यांना हे स्वतः करू द्यावे.

ब्रिटनमधील दहा वाणांवरचा हा अभ्यास २००८ साली ‘जेनेटिक्स’ या नियतकालिकात आला. दोन वगळता सर्व वाणांची परिणामकारक संख्या ४० ते ८० या दरम्यान निघाली. तीन वगळता सर्व वाणांत सहा पिढ्यांत विरळ जनुक-प्रकारांपैकी ९० टक्क्यांहून अधिक नाहीसे झाल्याचे दिसले. याच अभ्यासाची दुसरी बाजू अशी की, तो झाला तो केनेल क्लबच्या नोंदींवरच, आणि क्लबचे आनुवंशिकी सल्लागार त्या शोधनिबंधाचे एक लेखक होते. नोंदी नसत्या तर दुखणे मोजताही आले नसते. ज्या संस्थेवर माहितीपट बोट ठेवतो तिच्याच वहीने त्याला पुरावा पुरवला. आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे.

डाल्मेशियनची गोष्ट

क्लबचे सामर्थ्य आणि क्लबचा हट्ट हे दोन्ही समजण्यासाठी पग किंवा कॅव्हेलियरपेक्षा डाल्मेशियनचे उदाहरण अधिक उपयोगी आहे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला हा कुत्रा मुलांना चित्रपटांमुळे माहीत असतो.

बहुतेक कुत्र्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचे अॅलन्टॉइन या सहज विरघळणाऱ्या पदार्थात रूपांतर होते आणि ते लघवीवाटे निघून जाते. डाल्मेशियनच्या यकृतात त्यासाठी लागणारे विकर असते, पण यूरिक आम्ल पेशीच्या आत नेणारा वाहक बिघडलेला असतो. मूत्रपिंडातही ते परत शोषले जात नाही. परिणामी लघवीत यूरिक आम्ल फार राहते, त्याचे खडे बनू शकतात आणि नराच्या अरुंद मूत्रमार्गात खडा अडकला तर जिवावर बेतते. प्रत्येक डाल्मेशियनला खडे होतात असे नाही, पण ती शक्यता प्रत्येकाच्या वाट्याला येते. हा बिघाड ‘एसएलसी२ए९’ या जनुकात असल्याचे २००८ साली निश्चित झाले. माणसातही याच जनुकाचा यूरिक आम्लाच्या पातळीशी आणि गाऊट या सांधेदुखीशी संबंध आहे.

निरोगी प्रत प्रभावी, बिघडलेली अप्रभावी. निरोगीला ‘न’ आणि बिघडलेलीला ‘ब’ म्हणू. क्लबच्या वहीतला प्रत्येक डाल्मेशियन ‘बब’ होता. आता विद्यार्थ्यांना विचारा : ‘बब’ आणि ‘बब’ यांची पिले कशी होतील? सगळी ‘बब’. नर कितीही पारखून घ्या, आईबापांच्या कितीही तपासण्या करा, दूरच्या देशातला डाल्मेशियन आणा, उत्तर तेच. पैदास करणारा माणूस कितीही प्रामाणिक, कितीही दयाळू असला तरी त्याच्या हातात काही नाही. कारण ‘न’ हे अक्षरच त्या वहीत उरलेले नाही.

अमेरिकेतील आनुवंशिकीतज्ज्ञ रॉबर्ट शायबल यांनी १९७३ साली एका डाल्मेशियनचा पॉइंटर या जवळच्या वाणाशी संकर केला. पॉइंटर फक्त त्या एकदाच. त्यानंतर दर पिढीत ‘न’ प्रत असलेली पिले निवडायची आणि त्यांचा संकर पुन्हा डाल्मेशियनशीच करायचा. ‘नब’ आणि ‘बब’ यांच्या पिलांत सरासरीने निम्मी ‘नब’ निघतात, म्हणजे निरोगी प्रत हरवत नाही. पॉइंटरचा बाकीचा वाटा मात्र दर पिढीला साधारण निम्मा होतो : पहिल्या पिढीत १/२, मग १/४, १/८, १/१६ आणि पाचव्या पिढीत १/३२, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास. दहाव्या पिढीत तो हजारात एकापेक्षाही कमी राहतो. दिसायला डाल्मेशियन, वागायला डाल्मेशियन, फक्त लघवी इतर कुत्र्यांसारखी.

१९८१ साली अमेरिकन केनेल क्लबने पाचव्या पिढीतील दोन कुत्र्यांची नोंद केली. डाल्मेशियनच्या राष्ट्रीय क्लबच्या सभासदांनी हरकत घेतली, मतदान विरोधात गेले आणि त्यांच्या संततीची नोंद बंद झाली. दार पुन्हा उघडायला २०११ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत उपाय माहीत होता, सिद्ध झालेला होता, आणि वहीबाहेर थांबून होता. त्या काळात जन्मलेल्या कुत्र्यांनी खड्यांचे दुखणे सोसले ते विज्ञान अपुरे पडले म्हणून नव्हे. ‘शुद्ध’ या शब्दाचा अर्थ काय, यावर सभासदांचे एकमत झाले नाही म्हणून.

क्लबचे काम

या गोष्टीतून जबाबदार पैदास म्हणजे काय याचे उत्तर मिळते. तिचे दोन भाग आहेत. एक भाग पैदास करणाऱ्याचा : आईबापांच्या तपासण्या करणे, मादीला विश्रांती देणे, सदोष प्राणी पैदाशीतून वगळणे, घेणाऱ्याला खरे सांगणे. दुसरा भाग त्याच्या हातात नसतोच, तो समूहाचा असतो. एका विजेत्या नराची पिले किती असावीत, कोणत्या तपासणीशिवाय नोंद नाकारावी, मानकात ‘आखूड’ शब्द ठेवावा की काढावा आणि वही बाहेरच्यांसाठी कधी उघडावी, हे निर्णय वही ज्याच्या हाती आहे तोच घेऊ शकतो.

वही बंद ठेवण्याची चाल फार प्राचीन नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३ साली स्थापन झाला आणि त्याची पहिली नोंदवही १८७४ सालची. अमेरिकन क्लब १८८४ सालचा. त्यापूर्वी शिकारी कुत्रा शिकारीवरून आणि मेंढपाळी कुत्रा मेंढ्यांवरून पारखला जाई आणि कामाच्या कुत्र्याशी त्याचा संकर करताना कोणी परवानगी मागत नसे. आपल्याकडील शेतकऱ्याला बैलाची पारख अशीच ठाऊक आहे.

म्हणून क्लब मोडून टाका, असा सूर आम्हाला पटत नाही. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांची संघटना व केनेल क्लब मिळून नितंबाच्या सांध्याची क्ष-किरण तपासणी कित्येक दशके करत आहेत. क्लब नसलेल्या पैदाशीत वंशावळ नसते आणि तपासणीची नोंदही नसते. तेथे दोष असतील तर ते मोजणारेही कोणी नसते. माहितीपटाने क्लबला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. आम्हाला वाटते, त्याला विश्वस्त म्हणून जाब विचारायला हवा होता. २००९ च्या बंदीचेच पाहा. सख्ख्या भावंडांच्या मीलनावर बंदी घालणे योग्यच, पण ज्या वाणात सगळेच एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत तेथे तेवढ्याने विविधता वाढत नाही. हा प्रश्न क्लबला नेमकेपणाने विचारता येतो.

गिऱ्हाइकाचा वाटा

माहितीपटात घेणारा बहुतांशी फसवला गेलेला दिसतो. पुढच्या वर्षांनी हे चित्र अपुरे ठरवले. चपट्या नाकाच्या कुत्र्यांचे हाल ब्रिटनमध्ये घरोघरी दिसले, तरीही २०१८ साली तेथे सर्वाधिक नोंदणी झाली ती फ्रेंच बुलडॉगची. लॅब्रॅडॉर मागे पडला. अमेरिकेत २०२२ साली तेच घडले. आपल्याकडेही २००३ च्या सुमारास एका मोबाइल सेवेच्या जाहिरातीत पग मुलाच्या मागोमाग धावताना दिसला आणि शहरांत पगची मागणी वाढली. आपल्या उन्हाळ्यात या कुत्र्याचे काय होते याचा विचार जाहिरात पाहताना कोणी केला नाही. कुत्रा अंगावरून फारसा घाम गाळत नाही, धापा टाकूनच तो अंगातली उष्णता बाहेर घालवतो. ज्याचा श्वासमार्गच आखूड त्याने मे महिन्यात धापा तरी कशा टाकाव्यात?

जेथे क्लब व गिऱ्हाईक दोघेही हलत नाहीत तेथे न्यायालय हलते. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियरची त्या वेळी चाललेली पैदास प्राणिकल्याण कायद्याविरुद्ध ठरवली. दुसऱ्या वाणाशी शास्त्रीय पद्धतीने संकर करण्याचा मार्ग मात्र मोकळा राहिला. शायबल यांनी १९७३ साली धरलेली वाट ती हीच.

वर्गात दाखवताना

माहितीपट नववीच्या पुढच्या वर्गांना दाखवावा, काही दृश्ये त्रासदायक आहेत हे आधी सांगावे आणि मध्ये मध्ये थांबवून दाखवावा. रिजबॅकच्या भागानंतर पट्टा प्रभावी आहे एवढे सांगून, पट्टा असलेल्या दोन कुत्र्यांना पट्ट्याशिवाय पिलू कसे होऊ शकते हे विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे. पगच्या आकड्यानंतर वरचे गणित करावे. शेवटी डाल्मेशियनची गोष्ट शिक्षकाने स्वतः सांगावी.

एका जागी मात्र विशेष सावध राहावे. माहितीपट श्वानप्रदर्शनांची सांगड सुप्रजननवादाशी आणि नाझी विचारांशी घालतो. या तुलनेला उत्तर देण्याची योग्य संधी केनेल क्लबला दिली नाही, असे ब्रिटनच्या प्रसारण नियामकाने नंतर ठरवले. क्लबची बाकीची बरीचशी तक्रार मात्र त्याने फेटाळली. ‘युजेनिक्स’ हा शब्द फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८३ साली घडवला. त्याच पिढीत केनेल क्लब उभे राहिले आणि शुद्ध रक्ताची भाषा दोन्हीकडे होती, हा इतिहास खराच आहे. तो शिकवावा. पण घाईने केलेली तुलना विचार पुढे नेत नाही, फक्त समोरच्याला गप्प करते.

आणि येथेच ‘जात’ या शब्दाचा प्रश्न येतो. मराठीत कुत्र्याचीही जात, आंब्याचीही जात आणि माणसाचीही जात. कुत्र्यांच्या वाणांविषयी बोलताना आपण ‘शुद्ध जात’, ‘हलकी जात’, ‘जातीवर जाणे’ असे बोलू लागलो की, वर्गातले एखादे मूल ते कुत्र्यांविषयी ऐकत नाही, स्वतःविषयी ऐकते. कुत्र्यांचे वाण माणसाने ठरवून केलेल्या मीलनांतून आणि कठोर निवडीतून घडले आहेत. माणसांच्या जाती हे असे वाण नव्हेत. ती समाजाने उभारलेली व्यवस्था आहे. हे वाक्य शिक्षकाने त्या तासाला स्पष्ट उच्चारावे. शेतीत रुळलेला ‘वाण’ हा शब्द हाताशी असताना दुसरा वापरण्याचे कारणही नाही.

संकरित ज्वारी शेतात आली, संकरित गाय गोठ्यात आली, तेव्हा त्यांच्याविषयी आपण ‘उतारा किती’ आणि ‘दूध किती’ असे विचारले. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ‘कागद आहे का’ एवढेच विचारतो. हा तास संपल्यावर विद्यार्थी त्या कागदाच्या मालकाला पुढचा प्रश्न विचारू लागले, आईबापांची तपासणी झाली होती का, तर माहितीपट दाखवण्याचे श्रम वाया गेले नाहीत असे समजावे.